आमच्याकडे यंदा बारावी आहे

"आमच्याकडे यंदा बारावी आहे" हे वाक्य मराठी घरांत कुठल्याही गोष्टीला कारण म्हणून चालतं. लग्नाला न जाण्याला, पाहुण्यांना न बोलावण्याला, टीव्हीची केबल काढण्याला, गणपती पाच दिवसांवरून दीड दिवसावर आणण्यालाही. त्यापुढे सहसा कुणी काही विचारत नाही. खाली ज्या भावा-बहिणीचं बोलणं दिलं आहे, त्यातल्या बहिणीने मात्र विचारलं. ती लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. भाऊ साताऱ्यात एका पतसंस्थेत लेखनिक, आणि त्याची लेक बारावी सायन्सला. दसरा नुकताच झालाय, जेईईचा फॉर्म भरायचाय, आणि ताई मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलीय.

ताई: लग्न डिसेंबरात आहे, आणि तू आजच सांगतोस की पोरगी येणार नाही?

भाऊ: राग मानू नकोस ताई. मी येतो. बायकोला मात्र घरी थांबावं लागेल, पोरीचं जेवणखाण कोण बघणार? इथून लातूरला जायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन दिवस मोडतात. त्याच आठवड्यात क्लासची मोठी टेस्ट आहे. जानेवारीत जेईईचं पहिलं सत्र, मग प्रॅक्टिकल, फेब्रुवारीत बोर्ड. तीन दिवस आणू कुठून?

ताई: म्हणजे एकीची बारावी आणि घरात अडकल्या दोघी. सतरा वर्षांच्या मुलीला दोन दिवस वरणभात लावता येत नाही?

भाऊ: येतो की. पण वरणभात लावण्यात तिने तास का घालवायचा? तू तुमच्या वेळचं बोलतेस. तुमच्या वेळी बारावीच्या गुणांवर मेडिकल, इंजिनिअरिंग सगळं ठरायचं. एक परीक्षा, एक गुणपत्रिका. आता तोच विषय तीन तऱ्हांनी करावा लागतो. बोर्डाला पायऱ्या दाखवत उत्तर लिहायचं. जेईईत उत्तर चुकलं की गुण कापले जाणार. राज्याच्या सीईटीत गुण कापत नाहीत, पण नव्वद मिनिटांत गणिताचे पन्नास प्रश्न. त्यात पुन्हा वीस टक्के भाग अकरावीचा. म्हणजे मागचंही विसरायची सोय नाही.

ताई: ते मला माहीत आहे, मी हेच शिकवत होते. आणि बोर्डाला कुणी किंमत देत नाही म्हणतात तेही खरं नाही. एनआयटीला जायचं तर बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. तेव्हा काम तिप्पट आहे, हे कबूल. पण तू त्याला वर्ष म्हणतोस, तिथे माझी हरकत आहे. तिने खो-खो कधी सोडला?

भाऊ: अकरावीत. क्लासला नाव घातलं तेव्हा.

ताई: आणि प्रवेश कधी पक्का होणार? निकाल मे-जूनमध्ये. मग कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, २०२५ ला चार झाल्या. म्हणजे कॉलेजची पायरी चढायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडणार. अकरावीच्या जूनपासून मोज, सव्वादोन वर्षं होतात. दम कोंडून विहीर पार करता येते रे, नदी नाही.

भाऊ: बोलायला ठीक आहे. पण दम कुणाला घेता येतो ते बघ. तुझ्या मुलाला पहिल्या खेपेला मनासारखं मिळालं नाही, तेव्हा तू त्याला रिपीट करू दिलंस. चांगलं केलंस. घरात दोन पगार होते. माझ्याकडे एक आहे, तोही पतसंस्थेचा. मला रिपीटचं वर्ष परवडत नाही, मॅनेजमेंट कोट्याचं तर नावच नको. आता २०२४ पासून सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना इंजिनिअरिंगसारख्या कोर्सची फी पूर्ण माफ केली. पण प्रवेश कॅपमधून झाला पाहिजे. चांगल्या कॉलेजात कॅपमधून जागा मिळाली तर चार वर्षांची फी वाचते. म्हणून म्हणतो, तिचा एकेक गुण आमच्यासाठी पैसा आहे. "मुलांना जगू द्या" हे भाषण ज्यांना दुसरी संधी परवडते त्यांनी करावं.

ताई: ह्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते खोडणारही नाही. पण फी माफीचं तू काढलंसच, तर विचारते. जात पडताळणीचं काय झालं?

भाऊ: करायचीय. कॉलेजचं पत्र लागतं ना. तिला सांगून ठेवलंय आणायला.

ताई: ती कॉलेजात जाते कधी? इंटिग्रेटेडला आहे. कॉलेजचं नाव फक्त हॉलतिकिटावर, दिवसभर क्लासमध्ये.

भाऊ: प्रॅक्टिकलला जाईल तेव्हा आणेल.

ताई: अरे, समितीकडे अर्ज गेल्यावर महिने लागतात. पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यापासून सगळं तपासतात. एखाद्या कागदावर आडनाव वेगळं निघालं की पुन्हा फेरा. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही तर ती खुल्या गटात धरली जाईल, आणि ओबीसी म्हणून मिळणारी तुझी फी माफीही गेली. गुणांसाठी तुम्ही तिघांनी जगणं बंद केलंत, आणि ज्या कागदावर पैसे अवलंबून आहेत त्याला कुणी हात लावलेला नाही.

भाऊ: ते तहसीलचं काम मी बघतोच आहे. उत्पन्नाचा दाखला काढलाय.

ताई: नॉन-क्रिमीलेअर? ते ३१ मार्चपर्यंत असतं. प्रवेशाच्या वेळी चालू हवं, गेल्या वर्षीचं फाइलला लावून उपयोग नाही. जेईईतून कुठे जायचं असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं वेगळं, तेही १ एप्रिलनंतर काढलेलं. डोमिसाईल आहे का? आधारवर तिच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेसारखंच आहे का?

भाऊ: आधारवर एक 'ए' जास्त आहे.

ताई: बघ. आणि फॉर्मला मोबाइल नंबर कुणाचा दिलाय?

भाऊ: माझा. ती फोन वापरत नाही ना, बारावी आहे म्हणून.

ताई: म्हणजे ती क्लासच्या मधल्या सुट्टीत सायबर कॅफेत बसणार, ओटीपी तुझ्या फोनवर येणार आणि तू कॅश काउंटरवर असणार. हे सगळं तिच्या डोक्यावर आहे, आणि तू म्हणतोस आम्ही तिला अभ्यासाशिवाय काही पाहू देत नाही.

भाऊ: मग काय म्हणतेस? कागद मी बघायचे?

ताई: अर्थात. ह्या वर्षात कामं दोन जातींची असतात. कागद, तारखा, पैसे, सेतूच्या रांगा ही मोठ्यांची. अभ्यास आणि पुढे काय करायचं हे ठरवणं तिचं. तुम्ही उलटं केलंय. तारखा तिला पाठ आहेत आणि ठरवणं तुझ्याकडे आहे. कपाटावर यादी चिकटवलीय ना, सात परीक्षांची? ती कुणी केली?

भाऊ: मीच. जेईई, सीईटी, बाकीच्या खाजगी विद्यापीठांच्या. एखादी तरी लागेल.

ताई: त्या खाजगी विद्यापीठाचा नंबर लागला तर फी भरशील?

भाऊ: नाही. ते शक्यच नाही.

ताई: मग ती परीक्षा कशाला? प्रत्येक परीक्षेची फी, केंद्र पुण्यात नाहीतर कोल्हापुरात, एक दिवस जाण्या-येण्याचा, त्याआधी चार दिवस तिचा वेगळा सराव. तुला माझ्याकडून लग्नाचे तीन दिवस नकोत, पण ज्या कॉलेजात तू तिला घालणारच नाहीस त्याच्यासाठी पाच दिवस द्यायला तयार आहेस.

भाऊ: हे मान्य. यादी कमी करता येईल. पण ताई, कागद मी केले, यादी छाटली, तरी अभ्यासाचे तास तेवढेच राहतात. तिच्या वर्गातली मुलं तेरा-तेरा तास करतात.

ताई: केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांहून जास्त शिकवू नका, आठवड्याला एक सुट्टी द्या, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवू नका, सणासुदीला मुलांना घरच्यांबरोबर राहता यावं अशा सुट्ट्या द्या, असं त्यात आहे.

भाऊ: कागदावर आहे. आमच्याकडे टेस्ट सोमवारीच असते आणि रविवारी डाउट सेशन. मी एकटा जाऊन भांडलो तर पोरीकडे बघायची त्यांची नजर बदलेल.

ताई: एकटा नको जाऊस, पाच पालक मिळून जा. पण ते सोड, तास मोजूया. रात्री झोपते किती वाजता?

भाऊ: एक वाजतो. सहाला उठते. पाच तास पुरतात तिला.

ताई: पुरत नाहीत. ह्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, असं झोपेवर काम करणारे डॉक्टर सांगतात. दिवसभर जे वाचलं ते डोक्यात बसवण्याचं काम झोपेतच होतं. रात्री साडेबारा वाजता तिने सोडवलेली इंटिग्रेशनची गणितं सकाळी पुन्हा दे, किती येतात बघ. मी वर्गात तीस वर्षं बघितलंय, पहिल्या तासाला मुलं डोळे उघडे ठेवून झोपतात. क्लासच्या नोंदवहीत तेरा तास लागतात, मुलाच्या हाती सहा पडतात.

भाऊ: तुमच्या लातुरातच तर हे सुरू झालं. लातूर पॅटर्नचं नाव घेऊनच आमचे क्लासवाले फी घेतात.

ताई: हो, आणि मी ते आतून पाहिलंय. औसा, निलंगा, अहमदपूरकडून मुलं यायची, खोली घेऊन राहायची. काहींच्या आया येऊन राहायच्या, काही हाताने भात लावायची, कपडे धुवायची, संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभं राहून गप्पा मारायची. त्यातली कितीतरी डॉक्टर झाली.

भाऊ: तुला झालेलीच आठवतात, ताई. जी झाली नाहीत ती पेढे घेऊन परत येत नाहीत. भात लावून, कपडे धुऊन ज्यांचे दहा गुण गेले, त्यांनी तुला कळवलं का?

ताई: नाही कळवलं. बरोबर बोललास. कपडे धुतल्यामुळे मुलं डॉक्टर होतात असा माझा दावाही नाही. पण मध्येच सामान उचलून गावी गेली ती मुलंही मला आठवतात. त्यात ढ फारशी नव्हती. टेस्टमध्ये एकदा आपटी खाल्ल्यावर बोलायला ज्यांच्याकडे कुणी नव्हतं, अशी जास्त होती. ज्याच्याकडे टेस्टशिवाय दिवसात दुसरं काहीच नसतं, त्याला टेस्ट गेली की सगळंच गेलं असं वाटतं. खो-खोच्या मैदानावर तुझी लेक एखाद्या दिवशी बाद झाली तर कपडे झटकून पुन्हा खेळायला लागायची ना? ते तिला तिथे कुणी शिकवलं नव्हतं, रोजच्या खेळण्यातून आलं होतं. ते आता येणार कुठून?

भाऊ: खेळ चालू ठेवला असता तर क्रीडा सवलतीचे गुण तरी मिळाले असते, असं हिची आई म्हणते.

ताई: पुन्हा गुणच! अरे, गुण मिळतात म्हणून खेळ, डोकं चालतं म्हणून झोप, आजीचा आशीर्वाद लागतो म्हणून आजीकडे जाणं. ह्या पोरीच्या आयुष्यात एक तरी गोष्ट अशी राहू दे जिचा सीईटीशी संबंध नाही.

भाऊ: तू आत्ता झोपेचं गणित मला कशाने पटवलंस? अभ्यास चांगला होतो म्हणूनच ना? मीही तेच करतोय, फक्त माझं गणित कडक आहे.

ताई: पकडलंस मला. मग माझं खरं कारण सांगते, त्यात गुण नाहीत. निकालानंतर तिला ऑप्शन फॉर्म भरायचाय. ३०० पर्यंत पर्याय टाकता येतात. कॉलेज, शाखा, गाव, होस्टेल, सगळ्याचा क्रम लावायचा. पहिल्याच फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा पक्की, पुढच्या फेरीत बदल नाही. तो क्रम कोण लावणार?

भाऊ: क्लासमध्ये एक सर आहेत, ते लावून देतात. मागच्या वर्षीचे कट-ऑफ त्यांच्याकडे असतात.

ताई: कट-ऑफवरून कुठे नंबर लागेल ते कळतं, कुठे जावं ते कळत नाही. अकरावीपासून ह्या मुलीने एक निर्णय घेतलेला नाही. कधी झोपायचं, काय खायचं, कुणाला भेटायचं, मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं की नाही, सगळं तुम्ही ठरवलंत. तिच्या भल्यासाठीच ठरवलंत. आणि एके दिवशी तिच्यासमोर पुढच्या चाळीस वर्षांचा फॉर्म ठेवून म्हणणार, भर. ठरवणं हाही सरावाचाच विषय आहे रे. रविवारची दुपार कशी घालवायची हे ठरवता ठरवता माणूस मोठं ठरवायला शिकतो. तिची प्रत्येक दुपार कुणीतरी आधीच भरून ठेवली, तर ती शिकणार कधी?

भाऊ: आणि चुकलं तर? रविवारची दुपार चुकली तर चालतं. शाखा चुकली तर आमचं घर त्याची फेड करत बसेल. मोठ्यांनी ठरवणं म्हणजे जुलूम नव्हे. माझ्या वडिलांनी, म्हणजे आपल्याच, मला कॉमर्सला घातलं. मला आवडलं नाही, पण पोट भरतंय.

ताई: तिला काय हवंय ते तुला माहीत आहे?

भाऊ: कॉम्प्युटर. दुसरं काय.

ताई: मघाशी स्वयंपाकघरात ती मला पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेबद्दल विचारत होती. केमिस्ट्रीत पुढे काही करता येतं का म्हणाली. आयसरची प्रवेश परीक्षा त्यांची स्वतःची असते, जेईईच्या गुणांवर आता तिथे प्रवेश नाही. तुझ्या सातांत तेवढी एकच नाही.

भाऊ: मला काही बोलली नाही.

ताई: केव्हा बोलणार? तू तिच्याशी टेस्टच्या गुणांबद्दल बोलतोस, आणि ती तू विचारलेल्याचं उत्तर देते.

भाऊ: आयसर म्हणजे पाच वर्षं. त्यानंतर पीएचडी. कमाई कधी? धाकटा अजून आठवीत आहे.

ताई: हा प्रश्न खरा आहे. हाच तिला विचार. कदाचित ती म्हणेल, मला ठाऊक नव्हतं, मग कॉम्प्युटर घेते. कदाचित म्हणेल, आयसरला शिष्यवृत्त्या असतात, मी त्या शोधते. दोन्हीपैकी काहीही झालं तरी ते तिने घरातल्या पैशांचा हिशेब ऐकून ठरवलेलं असेल. तिला आपला पगार, कर्ज, धाकट्याची फी हे कळू नये म्हणून तुम्ही दार लावून बोलता. तेही बारावीच्या नावाखालीच ना?

भाऊ: तिच्या डोक्याला ताप नको म्हणून.

ताई: तिला सगळं कळतं. फक्त अर्धवट कळतं, तो ताप जास्त.

भाऊ: बरं. एवढं मान्य. पडताळणीसाठी उद्याच कॉलेजात जाऊन मी स्वतः पत्र आणतो. आधारचं स्पेलिंग, नॉन-क्रिमीलेअर, दोन्ही नमुने, हे माझ्याकडे. सातची यादी तिच्यासमोर बसून छाटतो, आयसर तिने म्हटलं तर लिहितो. अकरा वाजता दिवा बंद, हे तिच्या आईला पटवणं तू कर. पण माझीही एक अट. डिसेंबरपासून बोर्ड संपेपर्यंत बाकी काही नाही. खो-खोही नाही आणि लग्नही नाही. तेवढं तरी माझं ऐक. तू म्हणतेस तसा दम घ्यायचा, पण त्या काळात नाही.

ताई: शेवटी कमर कसायला माझा विरोध नाही. मीही वर्गाला तेच सांगायचे, शेवटचे आठ आठवडे कुणाकडे चहालाही जाऊ नका. पण ही अट तू माझ्यासमोर घालतोयस. ती आतल्या खोलीत आहे, तिच्यासमोर घाल.

भाऊ: ती हो म्हणेल. नेहमीच म्हणते.

ताई: त्याचीच मला काळजी आहे. तिला मोकळेपणाने विचार, आणि ती "नाही, मला लग्नाला जायचंय, टेस्ट मी आल्यावर देईन" असं म्हणाली तर ऐकून घ्यायची तयारी ठेव. ती नाहीच आली तर मी रुसणार नाही, आहेर तुझ्याकडून दुप्पट घेईन. पण त्या फॉर्मच्या ३०० ओळींतली पहिली ओळ तिच्या हाताने भरून घ्यायची असेल, तर तुला एकदा तरी "नाही" म्हणून बघायची संधी तिला त्याआधी मिळायला हवी. आणि ती तुझ्याशिवाय दुसरं कुणी देऊ शकत नाही.